फीमर हातात घेतल्याशिवाय पाठ करू नकोस

पुस्तक मिटव आणि बोन सेटमधलं फीमर, म्हणजे मांडीचं हाड, हातात घे. व्हायवात (तोंडी परीक्षेत) आधी बाजूच विचारतात: गोल डोकं आत आणि वर, लिनिया ॲस्पेराची खरखरीत कड मागे. एवढं धरलं की उजवं-डावं चुकत नाही. हाड सरळ उभं धरू नकोस, शरीरात ते तिरपं असतं. खालचे दोन्ही काँडाइल (गुडघ्याकडचे गोल उंचवटे) टेबलावर टेकव, तिरपेपणा आपोआप येतो.

खरी मेहनत ग्रेटर ट्रोकॅन्टरवर, म्हणजे वरच्या टोकाच्या बाहेरच्या मोठ्या उंचवट्यावर घे. कुठला स्नायू कुठे चिकटतो ते बघ: ग्लुटियस मीडियस बाहेरच्या पृष्ठभागावर, मिनिमस पुढे, पिरिफॉर्मिस वरच्या टोकाला, ऑब्ट्युरेटर इंटर्नस दोन्ही जेमेलायसकट आतून. खडूने रंगवून बघ. सोअस-इलियाकस लेसर ट्रोकॅन्टरवर (आतल्या लहान उंचवट्यावर), ते सोपं. ग्लुटियस मॅक्सिमसला मात्र बरेच जण फसतात: एवढा दांडगा स्नायू, पण त्याचा बहुतेक भाग हाडावर न जाता इलियोटिबियल ट्रॅक्टमध्ये (मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या जाड पट्ट्यात) जातो.

मीडियसचं काम एका पायावर उभं राहून शीक. टेकलेल्या पायाच्या बाजूला कमरेखाली हात लाव, स्नायू घट्ट लागेल. तो उचललेल्या बाजूचं पेल्व्हिस (कमरेचं हाडांचं कडं) पडू देत नाही. मीडियसला चालवणारी सुपीरियर ग्लुटियल नर्व्ह (मज्जातंतू) गेली की ते पडतं, हेच ट्रेंडेलेनबर्ग लक्षण. कुठली बाजू पडते? निरोगी. इथेच परीक्षक मार्क कापतात.

आणि डिसेक्शनला मॅक्सिमस उलटवलास की आधी पिरिफॉर्मिस शोध. त्याच्या वरून सुपीरियर ग्लुटियल नर्व्ह, खालून सहसा सायटिक नर्व्ह. बाकीची गर्दी त्यावरूनच ओळखू येते.