खाणीच्या धुळीने वडील गेले, दाव्याची मुदत 8 जुलैला संपतेय

वणीकडून एका मुलाचा प्रश्न आलाय. वडील 22 वर्षं कोळसा खाणीत ठेकेदाराकडे ड्रिलर होते, 9 जुलै 2024 ला 52 व्या वर्षी गेले. दाखल्यावर टीबी लिहिलंय, पण आधीच्या सीटी स्कॅनमध्ये सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) आहे. खाणीच्या ऑफिसला तीन अर्ज दिले, उत्तर नाही. ठेकेदाराने 50 हजार देऊन स्टॅम्पवर सही घेतली. आता काही मिळेल का? त्या पट्ट्यातून असे प्रश्न मला सारखे येतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

दादा, बाकी सगळं नंतर, आधी तारीख बघा. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा 1923, कलम 10. मृत्यूपासून दोन वर्षांत दावा दाखल व्हायला पाहिजे, म्हणजे 8 जुलै 2026, महिनाही हातात नाही. ऑफिसला दिलेल्या अर्जांनी ही मुदत एक दिवसही थांबत नाही, आणि तुम्ही सीटीचा रिपोर्ट पेटीत ठेवून दीड वर्ष साहेबांच्या उत्तराची वाट बघत बसलात याचा खरंच राग येतो. उशीर माफ करून घेता येतो, सबळ कारण दाखवावं लागतं, पण तुम्हाला आजार आधीच माहीत होता हे त्याच रिपोर्टवरून निघेल, तेव्हा त्या भरवशावर अजिबात राहू नका.

नोव्हेंबर 2025 पासून नवीन सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, पण मृत्यू त्याआधीचा आहे, त्यामुळे हक्क जुन्याच कायद्याने धरायचा. दावा कुठल्या टेबलावर द्यायचा ते तिथल्या कामगार कोर्टात याच आठवड्यात जाऊन विचारा. तुम्ही राहता त्या भागातही दावा चालतो.

स्टॅम्पला घाबरू नका. मृत्यूची भरपाई या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, परस्पर दिलेले पैसे भरपाई धरत नाहीत (कलम 8), आणि हक्क सोडल्याची सहीही चालत नाही. पगार 15 हजार किंवा जास्त असेल तर 15 हजारांचे निम्मे 7,500 गुणिले 52 वर्षांसाठी कायद्यात दिलेला आकडा 146.20, म्हणजे 10 लाख 96 हजार 500 होतात, वर 12 टक्के व्याज. कुठे 50 हजार! ठेकेदार हात वर करेल, म्हणून कलम 12 खाली खाणमालकालाही दाव्यात पार्टी (प्रतिवादी) करा.

टीबीचं मात्र कठीण जाऊ शकतं. सिलिको-टीबी (सिलिकोसिससोबतचा टीबी) कायद्याच्या आजारांच्या यादीत आहे, पण मृत्यूमागे सिलिकोसिस मुख्य होता हे डॉक्टरने सांगायला हवं. सीटीची मूळ फिल्म, पीएमईचे (खाणीत ठरावीक काळाने होणाऱ्या वैद्यकीय तपासणीचे) जुने एक्स-रे, पीएफ स्लिप, हजेरीचे कागद, जे सापडेल ते गोळा करा, पण कागद पूर्ण व्हायची वाट बघून दावा थांबवू नका, ते मागून देता येतात.

आणि अर्जदार म्हणून आईचं नाव टाका. कमावता सज्ञान मुलगा या कायद्यात अवलंबित धरला जात नाही, तुमच्या एकट्याच्या नावाने दावा गेला तर त्यातच अडकेल.