वाचक विचारतात : गाडीतला ड्रॉवर फ्रिज

प्रश्न : जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये ओटा आणि झोपायची सोय करून घेतोय. ओट्याखाली ड्रॉवरचा फ्रिज बसवावा की वरून झाकण उघडणारा पेटीचा? आईचं इन्सुलिनही त्यातच ठेवायचं आहे. (लातूर)

उत्तर : पेटीचा फ्रिज स्वस्त पडतो आणि गारवाही चांगला धरतो. पण त्याच्या डोक्यावर काही ठेवता येत नाही, त्यामुळे ओट्याखाली तो कामाचा नाही. तिथे ड्रॉवरच घ्या. ड्रॉवर ओढला तरी गार हवा बादलीतल्या पाण्यासारखी डब्यात राहते. दाराचा फ्रिज उघडला की तीच हवा पायावर सांडते. मात्र ड्रॉवरच्या चारही बाजू बंद हव्यात. जाळीचा ड्रॉवर असेल तर हा फायदा गेलाच म्हणा. दोन-तीन माणसांच्या दोन दिवसांच्या दूध-भाजीला ३० लिटर पुरतात.

ड्रॉवर गाडीच्या आडव्या दिशेला, म्हणजे मधल्या वाटेकडे उघडेल असा बसवा. पुढे तोंड केलंत, तर प्रत्येक ब्रेकला सगळं वजन कडीवर येतं.

बिनकॉम्प्रेसरच्या स्वस्त कूलर बॉक्सच्या नादी लागू नका. ते आजूबाजूच्या हवेपेक्षा १५-२० अंशच खाली उतरतात. मे महिन्यात उभ्या गाडीत ४५ अंश झाले की त्यात २५ मिळणार. इन्सुलिनचा न उघडलेला साठा २ ते ८ अंशांत राहायला हवा, म्हणून १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवालाच पाहिजे. इन्सुलिन डब्यात घालून बर्फ धरणाऱ्या पत्र्यापासून लांब ठेवा. एकदा गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं. शेजारी दीडशे-दोनशे रुपयांचा थर्मामीटर ठेवा, बटणावरच्या आकड्यांवर विसंबू नका.

आता बॅटरी. असा फ्रिज चालू असताना साधारण ४ अँपिअर ओढतो. उन्हाळ्यात दिवसातला ६० टक्के वेळ चालला तर २४ तासांत ५७-५८ अँपिअर-अवर होतात. १०० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मेच वापरायचे असतात, म्हणजे दिवसही भरत नाही. तेवढ्याच लिथियम बॅटरीतून ८० सहज निघतात. टपावर २०० वॅटचं सोलर पॅनल असेल तर उन्हाळ्यात रोजचा खर्च जेमतेम भरून येतो. आषाढातल्या ढगांत येत नाही. गाडी सुरू करायच्या बॅटरीवर मात्र फ्रिज जोडू नका.

प्रश्न : आमचा ड्रॉवर फ्रिज रात्री दोन-अडीचनंतर सारखा बंद-चालू होतो. मिस्त्री म्हणतो गॅस भरावा लागेल. बॅटरी नवीन आहे. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : थांबा, गॅसला हात लावू देऊ नका. गॅस कमी झालेला फ्रिज बंद-चालू होत नाही. उलट तो थांबतच नाही, आणि पत्र्याच्या एका कोपऱ्यातच बर्फ धरतो. तुमचं लक्षण वायरीचं आहे.

या फ्रिजांत बऱ्याचदा डॅनफॉसचा (आताचं नाव सेकॉप) बीडी ३५ कॉम्प्रेसर असतो. बॅटरी पार संपू नये म्हणून त्याचं इलेक्ट्रॉनिक युनिट १०.४ व्होल्टला कॉम्प्रेसर तोडतं आणि ११.७ ला परत जोडतं. समजा बॅटरी ७ मीटर लांब आहे आणि वायर दीड चौरस मिलिमीटरची आहे. जाऊन-येऊन १४ मीटर तांबं झालं. फ्रिजने ६ अँपिअर ओढले तर त्यातच १ व्होल्ट जातो. फ्यूजच्या होल्डरमध्ये गंज, वायरीच्या टोकाचा लग नीट न दाबलेला, तिथे आणखी अर्धा. पहाटेकडे बॅटरी ११.८ वर आली की कॉम्प्रेसरपाशी १०.३ उरतात आणि तो बंद पडतो. बंद पडला की वायरीतून प्रवाह थांबतो, व्होल्टेज पुन्हा ११.८ दिसतं, तो सुरू होतो, परत पडतो.

व्होल्टमीटर बॅटरीवर नाही, युनिटच्या प्लस-मायनसवर लावा, तेही फ्रिज चालू असताना. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर वायर बदला. १२ व्होल्टला २.५ चौरस मिलिमीटरची वायर अडीच मीटरपर्यंत, ४ ची चार मीटरपर्यंत, ६ ची सहा मीटरपर्यंत चालते. तुमच्या ७ मीटरला १० ची घाला. बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज द्या. मायनसही थेट बॅटरीला न्या, चासीला टोचू नका.

युनिटवर लाल दिवा जोडलेला असेल तर तो दर चार सेकंदांनी किती वेळा लुकलुकतो ते मोजा. एकदा म्हणजे व्होल्टेज कमी, दोनदा म्हणजे पंखा जास्त करंट ओढतोय, पाचदा म्हणजे युनिट तापलंय. पाचदा लुकलुकला तर हवेची ये-जा तपासा. खालून गार हवा आत आणि वरून गरम हवा बाहेर, अशी दोन भोकं लागतात. एकच जाळी असेल तर तीच गरम हवा आत फिरत राहते. खालच्या भोकाशी पेटती उदबत्ती धरा, धूर आत ओढला गेला पाहिजे. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ कंडेन्सरच्या (गरमी बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) पात्यांत पिठासारखी बसते. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी मऊ ब्रशने झाडा, पाणी मारू नका.

प्रश्न : नाथसागरात मासेमारीच्या होडीवर असा फ्रिज बसवून रोहू-कटला त्यात ठेवता येईल का? (पैठण)

उत्तर : नाही. ३० लिटरचा फ्रिज गार वस्तू गार ठेवतो, दहा किलो गरम मासे गार करणं त्याच्या ताकदीबाहेरचं आहे. मासळीला जाड थर्मोकोलची पेटी आणि वजनाला वजन बारीक बर्फ, एक थर मासा, एक थर बर्फ, तळाला पाणी जायला भोक. फ्रिज स्वतःच्या डब्या-पाण्यापुरता हवा असेल तर ड्रॉवरचं तोंड होडीच्या लांबीच्या दिशेला ठेवा. होडी आडवी डुलते, गाडीच्या नेमकं उलट.

प्रश्न : दोन महिने गाडी उभी होती. ड्रॉवर उघडला तर कुबट वास आणि रबरावर काळे ठिपके. (नांदेड)

उत्तर : बंद फ्रिज ड्रॉवर लावून ठेवला की हेच होतं. बर्फ साचला असेल तर आधी आपोआप वितळू द्या. सुरीने खरवडलात तर पत्रा फुटून गॅस जाईल आणि मग मिस्त्री खरा ठरेल. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून डबा पुसा, रबराच्या घड्या जुन्या टूथब्रशने काढा, कोरडं करा. मग दहाची नोट रबरात धरून ड्रॉवर लावा. ती अलगद निघाली तर तिथून गारवा जातोय, रबर बदला किंवा कडी घट्ट करा. रुळांना ग्रीस लावू नका, त्यात धूळ बसून लगदा होतो. सिलिकॉन स्प्रे पुरे. गाडी उभी करताना ड्रॉवर कडीच्या अर्धवट उघड्या खाचेत अडकवून ठेवा. तुमच्या कडीला अशी खाच नसेल तर फटीत घडी केलेला रुमाल घाला.