मॉरिशसचे मूळ रहिवासी कोण?

कोणीच नाहीत. माणसांआधी तिथे डोडो पक्षी होते, तेही डचांच्या काळात संपले. डच १६३८ मध्ये वसले आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. मग फ्रेंचांनी मादागास्कर-आफ्रिकेतून गुलाम आणले. १८१० मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं. १८३५ मध्ये गुलामगिरी उठली, पण उसाच्या मळ्यांना मजूर हवेच होते. त्यामुळे ती उठण्याआधीच, १८३४ पासून, कंत्राटावर लाखो भारतीय पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. सर्वाधिक भोजपुरी, शिवाय तमिळ, तेलुगू आणि आपले कोकणातलेही. चिनी व्यापारी वेगळेच.

म्हणून तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. बोलायला मात्र बहुतेकांची क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली भाषा. मराठी वंशाची मुलंही शाळेत मराठी विषय म्हणून शिकतात, घरात ती क्वचितच ऐकू येते.