पडद्यावरची जोडी मोडते तेव्हा

‘आवडत्या नटानं लग्न केलं म्हणून कुणी इतकं रडतं का? हे नॉर्मल आहे का?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे आता वरचेवर येतो. कधी आई विचारते, कधी नवरा, तर कधी रडणारी व्यक्ती स्वतःच, मान खाली घालून. निमित्तं वेगवेगळी असतात. मालिका संपलेली असते, लाडक्या पात्राला लेखकानं मारलेलं असतं, नटानं मध्येच काम सोडलेलं असतं, किंवा पडद्यावर जिच्यासाठी तो जीव टाकत होता तिला सोडून त्यानं भलत्याच मुलीशी लग्न केलेलं असतं. विचारणाऱ्यांकडे दोन उत्तरं तयारच असतात : हा पोरकटपणा आहे, नाहीतर हे वेड आहे. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. मग काय असतं, ते एका मुलीच्या गोष्टीतून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि लिहायला तिची परवानगी आहे.

सव्वीस वर्षांची, चांगली नोकरी असलेली, अबोल मुलगी. मोठी बहीण जवळजवळ ओढूनच घेऊन आली होती. “धड जेवत नाही, झोपत नाही. आणि कशासाठी, तर कुठल्या कोण हिरोनं लग्न केलं म्हणून! सख्खी आत्या गेली तेव्हा इतकी रडली नव्हती ही.”

ताईला मी बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर ती पहिल्यांदा बोलली.

“मॅडम, सगळ्यांना वाटतंय मला तो हवा होता. मला तो नकोच होता कधी. मला फक्त ते दोघं एकत्र हवे होते.”

हे वाक्य घरच्यांच्या कानावरून निसटून जातं. चाहता म्हटला की त्याला त्या नटाशी किंवा नटीशी लग्न करायचं असणार, अशी आपली ठाम समजूत असते. पण जोडीचे चाहते वेगळे. त्यांच्या स्वप्नात ते स्वतः कुठेच नसतात. दोन माणसांचं एकमेकांवर खरंखुरं प्रेम आहे आणि आपण त्याचे साक्षीदार आहोत, एवढंच त्यांना हवं असतं. तिला मी विचारलं, “मग तुझं नेमकं काय गेलं?” त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. ‘तो तुझा कोण लागतो?’ हेच सगळे विचारत होते.

पुढच्या भेटींत एकेक गोष्ट बाहेर आली. त्या जोडीच्या फॅनपेजची ती एक अॅडमिन होती. मालिका बंद झाल्यावरही ग्रुप जागता होता. कॉलेजमधल्या मुलींपासून नातवंडं असलेल्या बायकांपर्यंत सगळ्या त्यात होत्या. रात्री एक एक वाजेपर्यंत व्हॉइस मेसेज चालत. कुणाची परीक्षा, कुणाची केमोथेरपी, कुणाचं नवऱ्याशी भांडण, सगळं तिथे बोललं जाई. लग्नाचे फोटो आले आणि त्याच ग्रुपमधल्या कित्येकजणी नव्या नवरीच्या फोटोंखाली जाऊन नको नको ते लिहू लागल्या. ती दिसते कशी, तिनं त्याला कसं फसवलं, जोडीतली खरी नायिका किती रडत असेल, वगैरे. शिव्यासुद्धा.

“तू लिहिलंस काही?”

“नाही. पण काढलंही नाही. काढलं असतं तर मला गद्दार म्हणाल्या असत्या. तिथून बाहेर पडले तर बोलायला मला कोण आहे, मॅडम?”

झोप कशानं उडाली होती हे मला इथे कळलं. जोडी मोडल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी भीती होती ती मैत्रिणी गमावण्याची. आणि एका परक्या मुलीचा छळ आपण मुकाट्यानं बघतोय, याची बोच होती. ही तीन ओझी तिच्या मनात एकाच गाठोड्यात बांधलेली होती आणि त्या गाठोड्याला सगळं घर ‘हिरोचं खूळ’ म्हणत होतं.

रडू येण्याबद्दल मी तिला जे सांगितलं तेच इथे सांगते. पडद्यावरच्या माणसाशी जुळणाऱ्या एकतर्फी जवळिकीवर डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलं आहे. टीव्हीवरचा माणूस थेट आपल्याकडे बघून बोलतो, रोज ठरल्या वेळी येतो, त्याच्या लकबी आपल्याला पाठ होतात. मनाला ही ओळखच वाटते, कारण ओळख होते ती अशाच गोष्टींनी. तेव्हा नट फक्त पडद्यावर भेटत. आज ते लाइव्ह येतात, चाहत्यांची नावं वाचतात, ‘तुमच्यामुळेच मी आहे’ म्हणतात. जवळीक वाटली नाही तरच नवल. आणि हे टीव्हीपासून सुरू झालं असंही नाही. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारलं, तेव्हा वाचकांनी त्यांना संतापाची पत्रं पाठवली होती. अखेर १९०३ मध्ये डॉयलनी त्याला जिवंत परत आणलं. ती पत्रं लिहिणारी चांगली मोठी, शहाणी माणसं होती. होम्स कागदावरचा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच!

म्हणूनच ‘अगं, तो नट आहे, ते पात्र आहे’ ही समजूत घालून काही उपयोग होत नाही. ते त्यांना तुमच्याइतकंच माहीत असतं.

आमचं घोडं अडलं होतं ते तिच्या एका वाक्यावर. “अभिनय मला कळतो, मॅडम. पण त्याची नजर? नजर खोटं बोलत नाही. ती नजर तुम्ही बघितलेली नाही.”

“मग दाखव ना मला,” मी म्हटलं.

पुढच्या वेळी ती लॅपटॉप घेऊन आली. मालिकेतले तुकडे जोडून तिनं स्वतः केलेला एडिट होता, मिनिटभराचाही नसेल. दारात उभा असलेला तो. बघतोय. पापणी मिटते, उघडते. मग नायिका मान वर करते आणि किंचित हसते. मागे एक संथ गाणं. खरं सांगते, माझ्याही पोटात तुटलं. असं कुणी आपल्याकडे बघावं, हे कुणाला वाटणार नाही?

“सुंदर आहे,” मी म्हटलं. “तो कुणाकडे बघतोय?”

“तिच्याकडे.”

“मूळ भागातसुद्धा?”

ती थांबली. मग काही न बोलता तिनं मूळ एपिसोड उघडला. तिथे तो दारातून बघत होता खरा, पण बॅग घेऊन घर सोडून निघालेल्या भावाकडे. नायिका त्या प्रसंगात नव्हतीच. तिचं हसू पुष्कळ नंतरच्या एका भागातलं होतं, एका लहान मुलाकडे बघून आलेलं.

“आणि ही पापणी?” मी विचारलं. “एडिटमध्ये इतका वेळ का घेते?”

“ती मी स्लो केलीय. मूळ स्पीडला नुसती उघडझाप वाटते. हळू केली की वाटतं, त्याला काहीतरी सांगायचंय आणि तो सांगत नाहीये.” हे सांगताना तिच्या आवाजात कारागिराचा आनंद होता. आणि त्याच दमात ती गप्प झाली. स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे... हे मी केलंय.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं एक शब्दही उच्चारू नये, हे मी अनुभवानं शिकले आहे. तिनं क्लिप परत लावली, मूळ भाग परत लावला, पुन्हा क्लिप. “मला हे माहीत होतं. मीच कापलं होतं ना. तरी मी यावरच रडायचे.”

मग मी तिला लेव कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. शंभर वर्षं होऊन गेली त्याला. इव्हान मोझुखिन नावाच्या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा त्यानं तीन चित्रांना जोडला : सूपची वाटी, शवपेटी आणि एक तरुणी. म्हणतात, की प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात भूक दिसली, शोक दिसला, ओढ दिसली. चेहरा एकच होता, अर्थ बघणाऱ्यांनी भरला.

“तुला नजरेत जे दिसलं ते खोटं नव्हतं,” मी म्हटलं. “ते त्याचं नव्हतं, इतकंच. ते तुझं होतं. न बोलता, न मागता कुणी कुणाची वाट कशी बघतं, हे तुला आतून माहीत आहे. म्हणून तर तू ते घडवू शकलीस.”

ती रडली, पण ते रडणं आधीच्यासारखं नव्हतं. या कामात मला जे थोडंफार समजलं आहे त्यातली ही गोष्ट मी मोलाची मानते : चाहत्याला पडद्यापासून तोडायला जाऊ नये. पडद्यावर त्यानं स्वतःचं काय ठेवलं आहे ते त्याच्यासोबत बसून बघावं. एकदा ते दिसलं, की ते परत घेणं त्याचं त्यालाच जमतं.

नटावरचा राग मात्र अजून बाकी होता. ‘असं व्हायलाच हवं’ या हट्टातून माणूस स्वतःला जास्त त्रास करून घेतो, असं सांगणाऱ्या अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या विचारांना मी मानणारी आहे, त्यामुळे माझा प्रश्न ठरलेला असतो. ‘ते एकत्र असते तर मला फार आवडलं असतं’ आणि ‘ते एकत्र असायलाच हवे होते’ यातलं तू मनाशी काय म्हणतेस? पहिल्यातून दुःख होतं, आणि दुःख सोसता येतं. दुसऱ्यातून ‘त्यानं आम्हाला फसवलं’ येतं आणि मग त्याच्या बायकोला शिव्या देणंही न्याय्य वाटू लागतं. तिनं प्रामाणिकपणे दुसरं निवडलं. आम्ही त्यावर बरंच बोललो. तिचं एक म्हणणं मला मान्य करावंच लागलं : मालिका चालू असताना प्रसिद्धीसाठी मुलाखतींतून ‘आमच्यात काय आहे ते तुम्हीच ओळखा’ असले खेळ मुद्दाम खेळले जातात. तेव्हा भोळेपणाचा सगळा दोष चाहत्यांच्या माथी मारू नये. पण तो खेळ संपल्यावर कुणाशी संसार करायचा, ही त्या माणसाची खासगी बाब आहे. तिथे आपलं मत कुणी मागितलेलं नसतं.

घरच्यांना माझं एवढंच सांगणं आहे की टिंगल करू नका आणि फोन काढून घेऊ नका. फोनबरोबर मैत्रिणीही जातात, आणि मग उरतं ते दुःख एकटीनं गिळावं लागतं. शेजारी बसा, ‘तुला यातला कुठला प्रसंग सगळ्यात आवडतो, दाखव की’ म्हणा आणि खरोखर बघा. त्या प्रसंगात काय आहे याकडे लक्ष द्या. आजारी आईची सेवा करणारा मुलगा आहे, चूक कबूल करणारा बाप आहे, की नकार पचवणारी बाई? तुमच्या माणसाच्या मनात काय चाललंय याचा पत्ता तुम्हाला तिथे लागेल.

मात्र काही खुणा दिसल्या तर वाट बघू नका. नट आपल्यालाच उद्देशून गुप्त इशारे करतो अशी पक्की खात्री वाटणं, त्याच्या घरापर्यंत किंवा घरच्यांपर्यंत पोचण्याची धडपड, त्याच्यासाठी कर्ज काढणं, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा. हे समुपदेशनाच्या पलीकडचं आहे. थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, उगाच लाजू नका.

तिला तिथवर जावं लागलं नाही. आमच्या भेटी चालू असतानाच तिनं ग्रुपवर एक नियम टाकला : इथे बोलायचं ते पात्रांबद्दल, त्यांच्याच नावांनी, नटांच्या घरच्या कुणाचाही फोटो, उल्लेख, टॅग चालणार नाही, आणि आधीच्या तशा पोस्ट काढल्या जातील. पोस्ट करण्याआधी तिनं तो मजकूर मला वाचून दाखवला होता. मी एक शब्दही बदलला नाही. गद्दार म्हणणाऱ्या निघाल्याच. बऱ्याचजणी सोडून गेल्या आणि त्यांनी वेगळा ग्रुप काढला. केमो घेणाऱ्या त्या काकू राहिल्या. रात्रीच्या व्हॉइस मेसेजवाल्यांपैकी दोघी राहिल्या. एडिट ती अजूनही करते. अलीकडे एक तिनं ताईलाही दाखवला, आणि ताईनं विचारलं म्हणे, “पापणी एवढी हळू कशी केलीस गं?”