नवीन मेंढपाळ भावासाठी, पहिल्या वर्षी एवढंच बघ

भावा, मेंढरं घेतोयस चांगलंय, पण सुरुवातीलाच माडग्याळ जातीच्या मेंढरांमागं लागू नको. दिसायला उंच नि वजनाला भारी असली तरी लांब चालायला आणि कमी चाऱ्यावर तग धरायला आपली डेक्कनीच बरी.

आता पावसाचा काही भरवसा राहिला नाही हे डोक्यात ठेव. डिसेंबर २०२१ ला जुन्नर, आंबेगाव, पारनेरकडं अवकाळी आला नि रात्रभर भिजून गारठ्यानं मेंढरं वाघरीतच (रात्री कळपाभोवती लावतो त्या जाळीत) मरून पडली, बघवत नव्हतं. म्हणून तळ (रातचा मुक्काम) सखल काळ्या रानात टाकायचा नाही, मुरमाड उताराची जागा बघायची, भले सखल रानाचा शेतकरी खतासाठी मेंढरं बसवायचे पैसे जास्त देऊ दे. एक मोठी ताडपत्री कायम सामानाच्या घोड्यावर पाहिजेच, कोकरं नि नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या आधी आत. आभाळ भरलेलं असताना लोकर कातरायची नाही, नवीन पोरं इथंच चुकतात.

आणखी दोन गोष्टी:
- आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होतं तो रोग) लस पावसाळ्याच्या आधी. पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत हावरटासारखं खाऊन धडधाकट मेंढरूच पटकन जातं.
- पावसानं दडी मारली की करपलेल्या कोवळ्या ज्वारीत कळप घालू नको, विषबाधा होते, फुकट मिळाली तरी नको.

चराईला फिरायची वाट एकट्यानं ठरवू नको, पहिली खेप जुन्या वाड्यासोबतच (एकत्र फिरणाऱ्या मेंढपाळ कुटुंबांसोबत) जा, कुठल्या गावात पाणी आटलंय नि कुठं ऊस लागल्यामुळं चराई बंद झालीय हे त्यांना फोनवर आधीच कळतं. विमा, योजना वगैरे नंतर बोलू, आधी लसीचं बघ.