‘वेग मंदावला’ आणि ‘वेग मंदावणे’

प्रश्न असा आहे की, ‘चालकाने वळणावर गाडीचा वेग मंदावला’ हे वाक्य शुद्ध मानावे काय, आणि मुळात वेग ‘मंदावतो’ की ‘कमी होतो’?

दुसरा भाग आधी घेतो, कारण तो सोपा आहे. ‘मंद’ या संस्कृत विशेषणाला ‘आवणे’ जोडून हे क्रियापद झाले आहे. स्थिरावणे, रुंदावणे, थंडावणे ही त्याचीच भावंडे. मंद म्हणजे केवळ हळू चालणारे नव्हे. प्रकाश मंद असतो, सुगंध मंद असतो, जठराग्नीही मंद होतो. जोर किंवा तीव्रता कमी असणे हा अर्थ शब्दात पूर्वीपासून असल्याने आणि ‘मंद गती’ हा प्रयोग रूढ असल्याने ‘वेग मंदावला’ म्हणण्यात काहीच वावगे नाही. (सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला साडेएकोणतीस वर्षे घेणाऱ्या शनीला संस्कृतात ‘मंद’ असेही नाव आहे.)

खरी अडचण ‘चालकाने’ या कर्त्याची आहे. मंदावणे हे अकर्मक क्रियापद आहे: वारा मंदावतो, नाडी मंदावते, व्यापार मंदावतो, कोणी त्यांना ‘मंदावत’ नाही. ‘त्याने हात उंचावला’ किंवा ‘तिने मला दुखावले’ असे आपण सहज म्हणतो आणि त्याच साच्यावर ‘वेग मंदावला’ला कर्ता चिकटवला जात असावा, परंतु उंचावणे व दुखावणे ही क्रियापदे सकर्मक आणि अकर्मक अशी दोन्ही प्रकारे वापरली जातात, तशी मुभा रुंदावणे, थंडावणे यांना मिळालेली नाही. ‘पालिकेने रस्ता रुंदावला’ जितके खटकते तितकेच हेही मला खटकते. तेव्हा ‘चालकाने वेग कमी केला’ किंवा ‘वळणावर गाडीचा वेग मंदावला’ असे लिहावे.

जवळच्या शब्दांपासूनही याचे अंतर राखायला हवे. पाऊस मंदावला म्हणजे तो पडतोच आहे, फक्त जोर उणावला आहे. पूर ओसरतो तेव्हा पाणी माघारी जाते. आणि रेंगाळण्यात तर वेळ काढण्याची, क्वचित मुद्दाम काढण्याची, छटा असते, जी मंदावण्यात अजिबात नाही. ‘त्याची पावले मंदावली’ म्हणजे तो थकला असेल किंवा विचारात पडला असेल. ‘तो रेंगाळला’ म्हटले की त्याला निघायचेच नव्हते असा संशय येतो.