आधी सुरई उलटी कर

प्रिय,

अनेक आशीर्वाद. मुंबईच्या मटण स्ट्रीटवरच्या काचेच्या सुरईचे फोटो मिळाले. दुकानदार ‘बेल्जियम’ म्हणाला, असं लिहिलंयस. चोरबाजारात जुनी काच म्हणजे बेल्जियमचीच! त्या नावाचे जादा पैसे मोजू नकोस. वस्तू हातात घे.

आधी उलटी कर. काच फुगवून झाली की कारागीर बुडाला दुसरी सळई चिकटवतो, फुंकणी सोडवतो आणि तोंड पुन्हा तापवून घडवतो. शेवटी सळई तोडली की तिथे खरखरीत व्रण राहतो. निगुतीच्या कामात तो घासून गुळगुळीत केलेला असतो, तरी बोटाला खळगा लागतोच. पण तेवढ्यावर भाळू नकोस. फिरोजाबादला आजही काच फुंकतात, म्हणजे हातची काच जुनीच असेल असं नाही. बुडाच्या कडेला बारीक ओरखडे बघ. वर्षानुवर्षं फळीवर सरकलेल्या वस्तूचे ओरखडे वेडेवाकडे असतात. सगळे एकाच दिशेचे दिसले तर कुणीतरी मुद्दाम घासलंय.

नक्षीचा पेला असेल तर बोट आत घाल. साच्यात फुंकलेल्या पेल्याला बाहेर उंचवटा तिथे आत खोलगट लागतं. दाबून केलेल्याची आतली बाजू साफ असते, कारण तिथून दट्ट्या उतरलेला असतो. हे दाबकाम अमेरिकेत १८२० च्या दशकात रुजलं. तसा पेला कुणी ‘तीनशे वर्षांचा’ म्हणून दाखवला तर हसून पुढे चाल.

मग खिडकीशी धरून सावकाश फिरव. बुडबुडे लांबट दिसतील. काच मऊ असताना जिकडे ओढली गेली, तिकडेच तेही ताणले गेले. थंड व्हायच्या आत मान बारीक करायची, ओठ वळवायचा, सगळं घाईचं काम. तुझ्या सुरईची मान किंचित कललीय. मला तीच आवडली.

फक्त परदेशी मालाच्याच मागे लागू नकोस, एवढं मात्र ऐक. लोकांकडून एकेक पैसा जमवून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. पुढे कराडजवळ ओगलेवाडीचा कारखाना आला, ‘प्रभाकर’ कंदील तिथलाच. कुणाच्या माळ्यावर अशा कंदिलाची जुनी काच निघाली तर मला आधी कळव.

सुरई घेतलीसच तर कोमट पाण्याने धू आणि आतून पुरती वाळल्याशिवाय बूच लावू नकोस. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल कोंडली की काचेला आतून दुधी झाक येते, ती मग घासून जात नाही.

बाकी भेटीअंती.